रंग बदलणारे दोन खडे: अलेक्झांड्राइट की गार्नेट? नागपूरच्या इतवारीतल्या टेबलावरच्या नोंदी

२२ एप्रिल

टेबलावर दोन खडे. दोन्ही उन्हात हिरवट आणि दिव्याखाली जांभळट. पहिल्याला 'अ' म्हणते: १.४२ कॅरेट, लंबगोल, काकाजींनी रायपूरच्या ओळखीतून घेतलेला. विकणारा म्हणाला, देवभोगचा माल आहे. दुसरा 'ब': २.१६ कॅरेट, कुशन कट, मादागास्करच्या गार्नेटच्या पुडीत आलेला. पण पुडीवर कुणीतरी पेन्सिलीने 'अलेक्स' लिहून ठेवलंय, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोन्ही अलेक्झांड्राइट, दोन्ही गार्नेट, की एक हे आणि एक ते?

देवभोग म्हणजे छत्तीसगडचा गरियाबंद जिल्हा. तिथे अलेक्झांड्राइट मिळतं हे खरं, पण गावाचं नाव सांगायला पैसे पडत नाहीत. मादागास्करमधल्या बेकिलीहून रंग बदलणारं गार्नेट १९९०च्या दशकाच्या शेवटापासून येतंय, त्यामुळे 'ब'वर गार्नेटचा संशय आधीपासून आहे. नुसत्या संशयावर भाव लावता येत नाही, आणि या दोघांच्या भावात कितीतरी पटींचं अंतर असतं.

या नोंदी छोट्या दुकानदारांसाठी आणि कारागिरांसाठी ठेवते आहे. सराफ्यात लूप (१० पटींचं भिंग) आणि कॅरेटचा काटा प्रत्येकाकडे असतो, त्यापुढचं सामान फारसं कुणाकडे नसतं.

अट एकच: खडे पैलू पाडलेले आहेत, तेव्हा ओरखडा काढून काठिण्य बघायचं नाही. अलेक्झांड्राइट हे क्रिसोबेरिल, म्हणजे आपल्या लसण्याच्याच जातीचं, काठिण्य ८.५. या प्रकारचं गार्नेट ७ ते ७.५. धुळीतल्या वाळूचं काठिण्य ७, त्यामुळे वापरातल्या गार्नेटच्या कडा हळूहळू बोथट होतात. लूपखाली 'ब'च्या वरच्या सपाट पैलूच्या कडेला बारीक टवके दिसतात, 'अ'च्या कडा कोऱ्या आहेत. पण 'अ' कालच पॉलिश करून आणला असेल तर? हा पुरावा कच्चा.

२४ एप्रिल

सगळा वेळ उजेडात गेला. दुकानात आता एलईडीशिवाय काही नाही. 'वॉर्म' लिहिलेल्या ३००० केल्विनच्या बल्बखाली 'अ' मळकट करडा दिसला, 'ब'मध्ये जेमतेम फरक पडला. काकाजींचा चेहरा उतरला. "हा तं रंगच बदलून नाही राहिला!"

खोट दिव्यात होती. दोन्ही खडे पिवळा भाग गिळतात आणि दोन्हीकडचा हिरवा आणि लाल सोडतात. उजेडात ज्याचा भरणा जास्त, तो रंग डोळ्याला दिसतो. फिलामेंटच्या बल्बमध्ये लाल भरपूर असतो. साध्या वॉर्म एलईडीत निळ्याचा एक उंचवटा आणि पिवळ्याभोवती बराचसा उजेड, गडद लाल मात्र थोडा. खड्याला जे लागतं नेमकं तेच त्यात कमी.

महाल भागातल्या एका जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ६० वॅटचा फिलामेंट बल्ब मिळाला, २५ रुपये. दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झटकून काढून दिला. त्याखाली:

'अ': उन्हात निळसर हिरवा, बल्बखाली जांभळट लाल.
'ब': उन्हात करडेपणाकडे झुकणारा निळा-हिरवा, बल्बखाली जांभळट गुलाबी.

रात्री घरी देवघरातल्या समईशी धरून पाहिलं. 'अ' डाळिंबी झाला, बल्बपेक्षाही लाल. ज्यांना फिलामेंटचा बल्ब मिळणार नाही त्यांनी तेलाच्या ज्योतीवर बघावं, फक्त काजळी लागू देऊ नका.

थोडक्यात, रंग बदलतो एवढ्यावरून जात ठरत नाही. मोबाइलवर काढलेले फोटो तर फेकूनच द्या. कॅमेरा आपणहून पांढरा रंग सांभाळायला जातो आणि दोन्ही फोटो सारखे काढतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५५०० वर अडकवून मगच काढले.

२७ एप्रिल

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वाकतो (अपवर्तन) ते मोजणारं यंत्र; आत पट्टीवर सावलीची कड जिथे पडते तो आकडा वाचायचा. जुना, दुसऱ्या हातचा, ९,५०० रुपये. खडा आणि यंत्राची काच यांच्यामध्ये लावायचा १.७९ अपवर्तनाचा संपर्क-द्रव वेगळा, २,२०० ची इवलीशी बाटली.

आधी क्वार्ट्झचा तुकडा ठेवून यंत्र तपासलं. क्वार्ट्झ १.५४४ ते १.५५३ दाखवायला हवं, याने १.५४७ ते १.५५६ दाखवलं. म्हणजे प्रत्येक वाचनातून ०.००३ वजा. जुनं यंत्र घेणाऱ्यांनी हे न करता पुढे जाऊ नये. आपल्या दोन खड्यांमधला फरक याच मापाचा निघणार आहे.

मग खरी कटकट सुरू झाली. पांढऱ्या उजेडात सावलीची कड इंद्रधनुषी दिसते आणि ती नेमकी कुठे धरायची कळत नाही. यंत्रासोबत आलेलं पिवळं फिल्टर पार फिकं झालेलं. बर्डीवरून पिवळा, ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा एलईडी आणि एक रोधक आणला, ४० रुपये, जुन्या टॉर्चमध्ये बसवला. कड एका रेषेवर आली.

द्रव थेंबभर नको, टाचणीच्या टोकाएवढा पुरतो. जास्त घातला की खडा त्यावर तरंगतो आणि सावली धूसर होते. नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक ताप: दुपारी हा द्रव काचेवर बघता बघता वाळतो आणि त्यातलं गंधक पिवळ्या खड्यांसारखं मागे राहतं. ते बोटाने खरवडू नका. यंत्राची काच शिशाची, अगदी मऊ असते. नखाचा नाही, पण गंधकाच्या कणाखाली आलेल्या धुळीचा ओरखडा नक्की पडतो. ताजा थेंब टाकून गंधक विरघळू द्यायचं, मग मऊ टिश्यूने टिपायचं.

दुरुस्त केलेली वाचनं:

'अ': दोन रेषा, १.७४६ आणि १.७५५.
'ब': एकच रेषा, १.७५२.

'ब'ची रेषा 'अ'च्या दोन रेषांच्या मध्ये! ज्याला घाई आहे तो 'अ'चीही एकच अंधुक रेषा वाचेल आणि दोन्ही खडे एकच म्हणून मोकळा होईल. मी दोन रेषा पाहिल्या त्या नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) पोलॅराइझिंग फिल्टर, म्हणजे एकाच दिशेतला उजेड सोडणारी काच, फिरवून. फिल्टर फिरवला की एक कड विझते, दुसरी उमटते. खडाही थोडा थोडा वळवत राहावा लागतो, कारण एखाद्या स्थितीत दोन रेषा एकमेकींवर येतात. 'ब'मध्ये फिल्टर कितीही फिरवा, रेषा जागची हलली नाही. दोन रेषा ही अलेक्झांड्राइटची खूण, एकच रेषा ही गार्नेटची.

३ मे

विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खडा तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि हे सविस्तर लिहिते, कारण सराफ्यात सगळ्यांचा भरवसा वजनावर असतो.

पुस्तकी आकडे: अलेक्झांड्राइट ३.७३. पायरोप-स्पेसार्टाइन जातीचं रंग बदलणारं गार्नेट साधारण ३.८ च्या पुढेमागे. अंतर ०.१ च्या आसपास.

पद्धत सोपी. काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची, काटा शून्य करायचा, खडा बारीक धाग्यात बांधून पाण्यात बुडवायचा, तळाला आणि कडेला लागू द्यायचा नाही. काट्यावर जो आकडा येतो ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याचं हवेतलं वजन भागिले तो आकडा, गुणिले पाण्याची घनता. पाणी ३१ अंशांवर होतं, म्हणून घनता ०.९९५ धरली. १ धरली असती तर 'अ'चं उत्तर ०.०२ ने फुगलं असतं.

पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते घेतलं, २० रुपये लिटर. ते उकळून थंड केलं, नाहीतर खड्यावर बुडबुडे चिकटतात आणि खडा हलका वाटतो. भांड्याच्या साबणाचा एक थेंब घातला, म्हणजे धाग्याभोवती पाणी चढत नाही. धागा साडीतून ओढलेला रेशमी तंतू. नायलॉनचा जाड होता, त्यानेच आकडा हलत होता.

काटा एक मिलिग्रॅम वाचणारा, ५० ग्रॅमपर्यंतचा, २,४०० रुपये. आणि तो थांबेचना. आकडा तीन-चार मिलिग्रॅम वरखाली. काटा परत करायच्या बेतात होते, तेवढ्यात लक्षात आलं, समोर कूलर चालू आहे. कूलर बंद केला, आकडा स्थिर. दोन मिनिटांत काकाजी आतून ओरडले, "कूलर काऊन बंद केला? उकडून राहिलं ना!" पुन्हा चालू, पुन्हा आकडा नाचायला लागला. शेवटी पहाटे पाचला येऊन मोजलं. काट्यावर मिठाईच्या दुकानातला प्लॅस्टिकचा पारदर्शक डबा उपडा घातला, वर धाग्यापुरतं भोक.

'अ': हवेत ०.२८४ ग्रॅम, पाण्यात आकडा ०.०७६. उत्तर ३.७२.
'ब': हवेत ०.४३१, पाण्यात ०.११२. उत्तर ३.८३.

दिसायला सुंदर, अगदी पुस्तकात असल्यासारखे आकडे. पण काटा शेवटच्या मिलिग्रॅमला कधी इकडे कधी तिकडे जातो. 'अ'चा आकडा ०.०७५ धरला तर उत्तर ३.७७, ०.०७७ धरला तर ३.६७. 'ब'चं ०.११३ धरलं तर ३.८० च्या खाली. म्हणजे एका मिलिग्रॅमच्या चुकीत 'अ' ३.७७ आणि 'ब' ३.८० होतात, आणि दोघांमधलं अंतर जवळपास संपतं. खडा एक-दीड कॅरेटचा आणि काटा मिलिग्रॅमचा असेल, तर हे दोन खडे वजनावरून वेगळे झाले असं कुणीही छातीठोक सांगू नये. पाच कॅरेटच्या वर गोष्ट वेगळी, पण एवढं मोठं अलेक्झांड्राइट टेबलावर येतं कुठे.

८ ते ११ मे

काम बंद. अक्षय तृतीया, सराफ्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

१४ मे

एका कॉलेजात ओळखीच्या सरांनी सुटीत प्रयोगशाळा उघडून दिली. तिथला काटा ०.१ मिलिग्रॅमचा, काचेच्या पेटीतला, खोली २५ अंशांवर (घनता ०.९९७).

'अ': ०.२८४१ आणि ०.०७५९, उत्तर ३.७३२.
'ब': ०.४३१२ आणि ०.११२२, उत्तर ३.८३२.

इथे शेवटच्या अंकाने उत्तर शतांशाच्या आतच हलतं, म्हणून या आकड्यांवर विश्वास ठेवते. खर्च शून्य, सरांना हल्दीरामची सोनपापडी. ज्यांच्या ओळखीत असा काटा आहे त्यांनी पहाटेची जागरणं करू नयेत, सरळ तिकडेच जावं.

१९ मे

पोलॅरिस्कोप (दोन पोलॅराइझिंग काचांच्या मध्ये खडा धरून बघायचं साधन) विकत घ्यायचा नाही असं ठरवलं होतं. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा केला की त्यातून येणारा उजेड आधीच एका दिशेत बांधलेला असतो. वरून बघायला थ्रीडी सिनेमाच्या चष्म्याची काच घेतली. फिरवून फिरवून पडदा काळा होईना. कारण या काचेत दोन थर असतात, आणि पडद्याकडे चुकीचा थर येत होता. काच उलटी धरली, म्हणजे डोळ्याकडची बाजू पडद्याकडे केली, आणि पाव फेऱ्यात पडदा काळाकुट्ट. एवढ्यासाठी अख्खी संध्याकाळ गेली.

'अ' पडदा आणि काच यांच्या मध्ये धरून फिरवला: एका फेऱ्यात चारदा उजळला, चारदा विझला. दुहेरी अपवर्तनाचं, म्हणजे खड्यात उजेड दोन वाटांनी फुटण्याचं, नेहमीचं लक्षण. एका बाजूने मात्र फिरवूनही अंधारच राहिला. खड्यात अशा दोन दिशा असतात, नेमकी एक समोर आली होती. तिरपा धरल्यावर पुन्हा लुकलुकायला लागला.

'ब' सगळीकडून काळा राहायला हवा होता. राहिला नाही. त्यात काळसर पट्टे सापासारखे सरकत होते. गार्नेटमध्ये आतल्या ताणामुळे असं होतं, आणि इथे बरेच जण फसतात. पट्टे बघून 'दुहेरी' लिहून टाकतात. खातरजमा अशी: खडा सर्वांत उजळ दिसतो तिथे थांबवायचा आणि वरची काच पाव फेरा फिरवून पडद्याशी समांतर करायची. खडा आणखी लख्ख झाला तर एकेरी अपवर्तन, ताणाचा खेळ. तेवढाच राहिला किंवा मंदावला तर दुहेरी. 'ब' लख्ख झाला, 'अ' मंदावला.

२० मे

या सगळ्या खटाटोपात हे साधन सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं. डायक्रोस्कोप, म्हणजे वेगवेगळ्या दिशांतले खड्याचे रंग शेजारी-शेजारी दाखवणारी नळी, घरगुती. त्याच चष्म्याच्या काचेचे दोन तुकडे, एक उभा, एक आडवा, कडा एकमेकींना चिकटवून पुठ्ठ्याच्या नळीत बसवायचे. थराची बाजू कालच्यासारखीच, नाहीतर काही दिसणार नाही. खडा उन्हाच्या परतलेल्या उजेडात, मागे पांढरा कागद, आणि दोन तुकड्यांच्या सांध्यावर खडा आला पाहिजे.

'अ': डावीकडे हिरवा, उजवीकडे नारिंगीकडे झुकणारा पिवळा. खडा आडवा वळवला: जांभळट लाल आणि हिरवा. तिसऱ्या दिशेने नारिंगी आणि लाल. तीन दिशांना तीन रंग, अलेक्झांड्राइटची ओळख.

'ब': दोन्ही अर्ध्यांत तोच रंग. उभा, आडवा, तिरपा, कसाही धरा. गार्नेटला दिशाच नाही.

जे काट्याने पहाटे पाचला सांगितलं नाही ते या नळीने भर दुपारी सांगितलं. काकाजींनीही बघितलं आणि पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, "हा दुसरा तं सरळसरळ वेगळा आहे." हे काम फिलामेंट बल्बखाली करू नका, त्या उजेडात 'अ'चे तिन्ही रंग लालाकडे सरकतात आणि फरक बुजतो.

२३ मे

चुंबक. १२ मिलिमीटरचं निओडिमियम, १८० रुपये. गार्नेटमधलं मँगनीज आणि लोह चुंबकाकडे ओढलं जातं. खडा थर्मोकोलच्या चकतीवर, चकती पाण्याच्या परातीत, कूलर अर्थातच बंद. चुंबक खड्याच्या अगदी जवळ, पण न टेकवता. 'ब' चकतीसकट चुंबकाच्या मागे परातभर फिरला. 'अ' हलला की नाही यावर आमच्यात एकमत झालं नाही.

तुलनेसाठी मनसरच्या बाजूच्या गोंडाइटमधला एक गार्नेटचा कण ठेवून पाहिला. गोंडाइट म्हणजे स्पेसार्टाइन आणि क्वार्ट्झचा खडक, आपल्या मँगनीजच्या पट्ट्यात सापडतो. तो 'ब'पेक्षाही जोरात धावला. तो रत्न म्हणून फुटक्या कवडीचा नाही, पण चुंबकाची चाचणी बरोबर चालली आहे का हे बघायला उत्तम. नागपूरकरांनी एक कण डबीत ठेवावा.

२६ मे

स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे उजेड रंगांत फोडून दाखवणारं साधन; खडा जो रंग गिळतो तिथे काळं दिसतं. सीडीचा तुकडा आणि पुठ्ठ्याची फट यांनी केलेला अगदीच कुचकामी. फट रुंद, बारीक रेषा पुसल्या जातात. हातातला ग्रेटिंगचा घेतला, २,८०० रुपये. 'अ'मध्ये लाल टोकाला, ६८० नॅनोमीटरजवळ, बारीक काळी रेषा आणि पिवळ्यात रुंद पट्टा. ती रेषा क्रोमियमची. 'ब'मध्ये पिवळ्यात तसाच रुंद पट्टा, पण लालातली बारीक रेषा दिसली नाही, आणि जांभळं टोक मँगनीजमुळे कापल्यासारखं. पिवळ्यातला पट्टा दोघांतही आहे, म्हणूनच दोघेही रंग बदलतात. नुसता तोच बघणारा पुन्हा फसेल.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचे ३०० रुपये वाया. नोटा तपासायचा ३९५ नॅनोमीटरचा टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतो की खड्याची मंद लाल झाक त्यात बुडून जाते. घ्यायचाच तर ३६५ चा घ्या.

२ जून

शेजारच्या दुकानातले भाऊ दुबईहून आलेली एक 'अलेक्झांड्राइट'ची अंगठी घेऊन आले, नऊ-दहा कॅरेटचा खडा. रिफ्रॅक्टोमीटरवर १.७६२ आणि १.७७०, स्पेक्ट्रोस्कोपमध्ये निळ्यात ४७५ वर रेषा. व्हॅनेडियम घातलेला कृत्रिम कुरुंद, म्हणजे नीलम-माणिकाच्या जातीचा कारखान्यातला माल. चहा थंड व्हायच्या आत निकाल लागला. भाऊंना तो आवडला नाही.

८ जून

'ब'ची पुडी बदलली. नवीन पुडीवर: गार्नेट, पायरोप-स्पेसार्टाइन, रंग बदलणारं, २.१६ कॅरेट, १.७५२, ३.८३. 'अलेक्स' लिहिलेली जुनी पुडी फाडून टाकली, नाहीतर तीच पुन्हा कुणाच्या तरी हाती लागते.

'अ' अलेक्झांड्राइट आहे, एवढं या टेबलावर ठरलं. नैसर्गिक आहे की नाही, ते यातल्या कुठल्याही साधनाने ठरत नाही. कारखान्यातल्या अलेक्झांड्राइटचं अपवर्तन, गुरुत्व, तीन रंग, सगळं खाणीतल्यासारखंच असतं. फरक आतल्या खुणांत. लूपखाली 'अ'मध्ये बोटाच्या ठशासारखी द्रवाच्या थेंबांची जाळी दिसते. खाणीतल्या खड्यात ती असते, पण फ्लक्समधून (वितळलेल्या क्षारांतून) वाढवलेल्या कृत्रिम खड्यातही तिच्याशी गल्लत होईल असे पडदे असतात, आणि १० पटींच्या भिंगाने मला त्यातला फरक सांगता येत नाही. वक्र रेषा दिसल्या असत्या तर कृत्रिम म्हणून तिथेच थांबले असते; त्या नाहीत.

एकूण खर्च साडेसतरा हजारांच्या आत. त्यातले रिफ्रॅक्टोमीटर आणि द्रव सोडले तर बाकी सगळं मिळून सहा हजारही होत नाही. पुन्हा करायचं झालं तर मी आधी नळी आणि चुंबक बनवीन, मग रिफ्रॅक्टोमीटर, आणि मिलिग्रॅमचा काटा घेणारच नाही.

१२ जून

'अ' मुंबईच्या लॅबला विमा उतरवून पाठवला. सोबत माझी वाचनं दिली नाहीत, त्यांनी कोऱ्या कागदावर सुरुवात केलेली बरी. काकाजी रोज विचारतात, आला का रिपोर्ट. तोवर कुणाला भाव सांगायचा नाही, असं ठरलं आहे.